लोकरी वस्त्रांची ऋतूंमधील साठवण : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वस्त्रांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने वस्त्रांचे उत्पादन, व्यापार व वापर यांकडे गेलेले दिसते. वस्त्र वापरात नसताना ते कोठे व कसे ठेवले जात होते, हा प्रश्न बहुधा दुर्लक्षित राहिला. वास्तविक पाहता लोकरी वस्त्राचे बहुतांश आयुष्य अंगावर जात नाही. ते पेटीत, फडताळात, वलणीवर किंवा माळ्यावर जाते. वर्षातील दोन-तीन महिने वापर आणि उरलेले नऊ-दहा महिने साठवण असे त्याचे स्वरूप असते. या काळात कसर, बुरशी व ओल यांपासून वस्त्राचे रक्षण करण्याची विद्या घरोघरी, मुख्यतः स्त्रियांच्या हाती होती. तिची नोंद दप्तरांत झाली नाही. भाषेत, सवयींत आणि घराच्या रचनेत मात्र तिच्या खुणा शिल्लक आहेत.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा उल्हास नदीच्या खोऱ्यातील परिसर या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. येथे लोकरीचे दोन भिन्न वापर शेजारी शेजारी नांदले. स्थानिक शेतकऱ्याची घोंगडी हे मुख्यतः पावसाळ्याचे वस्त्र होते. शाल, स्वेटर व लोकरी रजई ही थंडीची वस्त्रे होती आणि १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांमुळे त्यांचे प्रमाण येथे वाढले. एकाच हवामानात या दोन प्रकारच्या वस्त्रांच्या विश्रांतीचा काळ वेगवेगळा होता. त्यामुळे साठवणुकीचे प्रश्नही वेगळे निर्माण झाले. या भेदाचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) उल्हास खोऱ्यातील लोकरी वस्त्रांचे ऋतुमानानुसार असलेले वापर स्पष्ट करणे.
२) साठवणुकीच्या पारंपरिक साधनांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
३) या साधनांची जागा डांबरगोळीने कशी घेतली, याची कारणे तपासणे.
४) या बदलाचे आरोग्यविषयक परिणाम लक्षात घेऊन पारंपरिक पद्धतींचे आजच्या ज्ञानाच्या आधारे मूल्यमापन करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्राचीन ग्रंथांतील उल्लेख, प्रादेशिक इतिहास, लोकजीवनातील रूढी, मराठी भाषेतील शब्दसंपत्ती आणि कीटकशास्त्र व वैद्यक या शास्त्रांतील प्रसिद्ध निष्कर्ष यांचा एकत्रित विचार येथे केला आहे.

परिसर व हवामान

अंबरनाथ हे या परिसरातील सर्वांत प्राचीन स्थान होय. तेथील शिवमंदिराच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा निर्देश असून ते शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील आहे. बदलापूर हे कोकण व घाटमाथा यांना जोडणाऱ्या मार्गावरील गाव. प्रवासात येथे घोडे बदलले जात आणि त्यावरून गावाला हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती परंपरेने सांगितली जाते. १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत आला आणि १८५६ मध्ये तो पुढे घाटाच्या पायथ्यापर्यंत गेला. त्यानंतर या गावांचा मुंबईशी संपर्क दृढ झाला. उल्हासनगर मात्र पूर्णतः विसाव्या शतकाचे अपत्य आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसविण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले.

या परिसरात वर्षाकाठी सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात हवेतील आर्द्रता सतत अधिक असते. हिवाळा अल्पकाळ टिकणारा व सौम्य असला, तरी समुद्रापासून दूर व डोंगरांच्या कुशीत असल्यामुळे बदलापूरचे रात्रीचे तापमान मुंबईपेक्षा पुष्कळदा बरेच खाली जाते. म्हणजेच येथे लोकरी कपड्याची गरज आहे, पण ती थोड्या दिवसांची. उलट तो बिघडविणारी परिस्थिती दीर्घकाळ टिकते.

लोकर हे प्रथिनमय द्रव्य आहे. केराटिन हे तिचे मुख्य घटकद्रव्य होय. केराटिन पचविण्याची क्षमता फार थोड्या कीटकांमध्ये असते. कपड्यांवरील पतंगाच्या अळ्या आणि गालिचा-भुंगेऱ्यांच्या अळ्या हे त्यांतील प्रमुख होत. मराठीत कपड्यांना लागणाऱ्या अशा किड्याला सामान्यतः 'कसर' म्हणतात. पूर्ण वाढलेला पतंग कापड खात नाही. नुकसान अळी करते. स्वच्छ लोकरीपेक्षा घाम, तेल व अन्नाचे डाग असलेल्या लोकरीवर ती अधिक जोमाने वाढते. अंधार, निवांतपणा व दमटपणा तिला पोषक ठरतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत बाष्प शोषून घेते, तरी हाताला ती ओली लागत नाही. त्यामुळे कोरडी वाटणारी लोकरही पावसाळ्यात प्रत्यक्षात दमट असू शकते. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

घोंगडी : पावसाळ्याचे लोकरी वस्त्र

उल्हास खोऱ्यातील कुणबी, आगरी, ठाकूर इत्यादी शेतकरी व श्रमिक समाजांत घोंगडी वा कांबळे हे लोकरीचे प्रमुख वस्त्र होते. दख्खनी जातीच्या मेंढीची जाड, बहुधा काळी लोकर, हाताने काढलेले सूत आणि खड्ड्याच्या मागावर विणलेल्या पट्ट्या अशी तिची घडण. ताण्याला चिंचोक्याची खळ दिली जाते आणि त्यामुळे सुताला ताठपणा येतो. धनगर लोकर पुरवीत व सनगर घोंगडी विणीत, अशी कामाची सर्वसाधारण विभागणी होती. दख्खनच्या पठारावरील मेंढपाळ पावसाळा सरल्यावर घाट उतरून कोकणात येत आणि कापणी झालेल्या भातखाचरांत कळप बसवीत. मेंढ्यांच्या खताच्या मोबदल्यात त्यांना धान्य मिळे. शेती व पशुपालन यांचे हे परस्परावलंबन महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एक महत्त्वाचे अंग असून गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याचा सखोल वेध घेतला आहे. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेस भरणारी यात्रा गुरांच्या बाजाराप्रमाणेच घोंगड्यांच्या खरेदीसाठीही प्रसिद्ध आहे.

या यात्रेचा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. पौष महिना, म्हणजे साधारणतः जानेवारी. त्या वेळी घेतलेली घोंगडी थंडीच्या उरलेल्या दिवसांत पांघरण्यास उपयोगी पडे. परंतु तिची खरी कसोटी मृग नक्षत्रापासून लागे. भाताची पेरणी, लावणी व बेणणी या कामांत डोक्यावर इरले किंवा घोंगडीची खोळ हीच शेतकऱ्याची पावसातील संरक्षणाची साधने होती. जाड लोकरीत पाणी चटकन आत शिरत नाही आणि भिजल्यावरही लोकर काही प्रमाणात ऊब देते. म्हणून सुती वस्त्राच्या तुलनेत घोंगडी पावसाला अधिक अनुकूल ठरली.

याचा साठवणुकीवर मोठा परिणाम झाला. ज्या चार महिन्यांत लोकर बिघडण्याची भीती सर्वाधिक, त्याच महिन्यांत घोंगडी रोज वापरात असे. ती रोज झटकली जाई, चुलीजवळ वाळविली जाई आणि माणसांच्या हालचालीत राही. कसरीला लागणारा निवांतपणा तिला लाभत नसे. दसऱ्यानंतर कोरडी हवा सुरू झाली की घोंगडी धुऊन, कडक उन्हात वाळवून घरातील दांडीवर वा वलणीवर टाकली जाई. चुलीच्या धुराचा वावर घरभर असल्यामुळे तिला आपोआप धुरी मिळे. कौलांखाली वा गवताच्या छपराखाली हवा खेळती राहत असल्याने दमटपणा साचत नसे. घोंगडी पेटीत बंद करून ठेवण्याची गरज सहसा पडत नसे. तिच्यासाठी निराळे औषध लागत नसे, कारण घराची रचना व कामाचे वेळापत्रक हेच तिचे संरक्षण होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लास्टिकचा कागद व रेनकोट खेडोपाडी पोहोचले. घोंगडीचे पावसाळी काम संपले आणि ती केवळ अंथरूण-पांघरूण म्हणून उरली. त्याच सुमारास चुलीची जागा स्टोव्ह व गॅसने घेतली आणि कौलारू घरांची जागा स्लॅबच्या घरांनी घेतली. घोंगडीचे संरक्षण करणारी तीनही कारणे, म्हणजे नित्य वापर, धूर व खेळती हवा, एका पिढीच्या काळात नाहीशी झाली. घोंगडीला कसर लागते ही तक्रार म्हणूनच मुख्यतः या बदलानंतरची मानावी लागते.

शाल, धाबळी व ग्रंथांतील परंपरा

लोकरीचा दुसरा वापर प्रतिष्ठित व धार्मिक व्यवहारांत होता. शालजोडी हे मराठी दरबारातील सन्मानाचे वस्त्र. राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांपैकी जामदारखान्यात मौल्यवान वस्तूंबरोबर वस्त्रेही जतन केली जात. ब्राह्मणी घरांत पूजा व भोजनाच्या वेळी नेसावयाची धाबळी ही लोकरीची असे, कारण लोकर सहसा विटाळत नाही, अशी समजूत होती. सोवळ्याची वस्त्रे उंच दांडीवर निराळी टाकली जात आणि काठीने काढली जात. या रूढीचा हेतू धार्मिक होता. तथापि तिच्यामुळे लोकरी वस्त्र जमिनीच्या ओलीपासून दूर व हवेत राहत असे, हा तिचा व्यावहारिक लाभ नाकारता येत नाही.

लोकर स्वच्छ करण्याचा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीच्या संदर्भात रेशीम व लोकर खारमातीने आणि कुतप नावाची घोंगडी रिठ्याने शुद्ध करावी, असा निर्देश आढळतो. रिठ्यातील फेसाळ द्रव्य तीव्र क्षाराप्रमाणे लोकरीच्या तंतूंना अपाय करीत नाही. म्हणून नाजूक लोकरी व रेशमी वस्त्रांसाठी रिठा वापरण्याची पद्धत अलीकडच्या काळापर्यंत टिकून राहिली. कसर मळलेल्या लोकरीकडे अधिक आकृष्ट होते, हे ध्यानात घेता धुऊन ठेवणे हाच साठवणुकीचा पहिला नियम ठरतो.

याहून महत्त्वाचा उल्लेख चरकसंहितेत आहे. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात नवजात बालकाची वस्त्रे, अंथरुणे व पांघरुणे यांना द्यावयाच्या धुरीची द्रव्ये सांगितली आहेत. जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वचा इत्यादी द्रव्ये तुपासह वापरावीत, असे तेथे म्हटले आहे. वचा म्हणजेच मराठीतील वेखंड. बालकाच्या अंगाला लागणारे वस्त्र कीटकमुक्त तर असावेच, पण ते बालकाला अपायकारकही नसावे, हा विचार या विधानामागे दिसतो. याचा संदर्भ पुढे येणार आहे.

वेखंडाची कांडी, कडुनिंबाची सुकी पाने, निरगुडीची पाने, वाळ्याच्या जुड्या, लवंग, कापूर व तंबाखूची पाने ही महाराष्ट्रातील घरांत कपड्यांत घालण्याची परिचित साधने होत. भारताच्या इतर भागांतही अशी द्रव्ये होती. काश्मिरी शालींच्या रक्षणासाठी कुष्ठ या वनस्पतीच्या मुळ्या वापरीत. युरोपात जाणाऱ्या भारतीय शालींत पॅचौलीची सुकी पाने घातली जात आणि एकोणिसाव्या शतकात तो गंध हीच खऱ्या शालीची ओळख मानली जाऊ लागली. कोकणातील परसदारी आढळणारा पाच हा याच कुळातील सुगंधी झुडपांपैकी एक होय. म्हणजेच कसर दूर ठेवणारी पाने व मुळ्या यांची विद्या प्रदेशपरत्वे भिन्न असली, तरी तिचे तत्त्व सर्वत्र समान होते.

कल्याण कॅम्प व साठवणुकीचा नवा प्रश्न

१९४७-४८ मध्ये कराची, हैदराबाद, शिकारपूर, लारकाना इत्यादी ठिकाणांहून सिंधी हिंदू मोठ्या संख्येने मुंबई प्रांतात आले. कल्याणजवळील लष्करी छावणीच्या बराकींत सुमारे एक लाख लोकांना आश्रय मिळाला. आजही उल्हासनगरचे पत्ते कॅम्प क्रमांक व बराक क्रमांक यांनी सांगितले जातात. मूळच्या सैनिकी बराकी मोठ्या दालनांच्या होत्या. त्यांत आडोसे घालून एकेका कुटुंबाला जागा देण्यात आली. एका खोलीत स्वयंपाक, झोप व सामान अशी स्थिती निर्माण झाली.

या लोकांच्या वस्त्रव्यवहाराची पार्श्वभूमी निराळी होती. सिंधचा हिवाळा उल्हास खोऱ्यापेक्षा अधिक थंड आहे. तेथे लोकरी शाल, कोट व जाड पांघरुणे ही दरवर्षीची गरज होती. त्याचबरोबर सिंधचे हवामान अत्यंत कोरडे आहे. सिंधमधील हैदराबाद व कराची येथे वार्षिक पाऊस साधारणतः दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. उल्हासनगरात त्याच्या दहापटीहून अधिक पाऊस पडतो. सिंधमध्ये थंडी संपल्यावर कपडे उन्हात वाळवून, कडुनिंबाची पाने घालून पेटीत बंद केले की ते पुढील थंडीपर्यंत सुरक्षित राहण्याची शक्यता बरीच होती. पेटीत कोंडलेली हवा कोरडीच असे.

उल्हास खोऱ्यात हीच पद्धत अपुरी पडणे स्वाभाविक होते. थंडीचे कपडे फेब्रुवारीत पेटीत गेले की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बाहेर येत. मधल्या काळात संपूर्ण पावसाळा येई. पेटी जमिनीवर वा खाटेखाली, भिंतीला ओल, खोलीत दाटी आणि वाळवण्यास ऊन नाही, अशा स्थितीत पेटी कसरीला व बुरशीला पोषक ठरे. स्थानिक शेतकऱ्याची घोंगडी नेमक्या याच काळात वापरात असल्यामुळे वाचत होती. थंडीचा लोकरी कपडा मात्र याच काळात बंदिस्त असल्यामुळे धोक्यात येत होता. एकाच गावात, एकाच पावसात, लोकरीच्या दोन वस्त्रांचे भवितव्य असे भिन्न होते. हे वैशिष्ट्य केवळ सिंधी समाजापुरते मर्यादित नव्हते. नोकरीनिमित्त अंबरनाथच्या कारखान्यांत व आयुध निर्माणीत आलेली देशाच्या विविध भागांतील कुटुंबे आणि पुढे बदलापुरात स्थायिक झालेला मध्यमवर्ग यांचाही प्रश्न हाच होता.

निर्वासित कुटुंबांच्या दृष्टीने या कपड्यांचे मूल्य केवळ आर्थिक नव्हते. घर, जमीन व व्यवसाय मागे टाकून आलेल्या माणसाजवळ जी थोडी वस्त्रे उरली, त्यांत गेलेल्या घराची आठवण होती. अशा वस्त्राला कसर लागणे ही हानी नवीन कपडा घेऊन भरून निघणारी नव्हती. त्यामुळे खात्रीचा उपाय म्हणून बाजारातील तयार गोळीकडे लोक वळले असल्यास त्यात नवल नाही.

डांबरगोळीचा प्रसार

'डांबरगोळी' हा मराठी शब्द त्या वस्तूचा इतिहास सांगतो. दगडी कोळशापासून कोक व वायू तयार करताना डांबर मिळते आणि त्या डांबरातून नॅफ्थॅलीन वेगळे करता येते. १८२१ मध्ये जॉन किड यांनी या द्रव्याचे गुणधर्म वर्णन करून त्याला नाव दिले आणि १८२६ मध्ये मायकेल फॅरडे यांनी त्याचे रासायनिक सूत्र निश्चित केले. एकोणिसाव्या शतकात वायुदीप व पोलाद या उद्योगांमुळे डांबराची विपुलता झाली आणि त्याच्या उपफलांना बाजार मिळाला. भारतात बंगाल केमिकलसारख्या स्वदेशी संस्थेच्या नॅफ्थॅलीन गोळ्या घरोघरी परिचित झाल्या. अशा प्रकारे परदेशी शास्त्र व स्वदेशी उद्योग या दोहोंची प्रतिष्ठा या पांढऱ्या गोळीला लाभली.

तिच्या प्रसाराची कारणे तीन प्रकारची दिसतात. पहिले कारण म्हणजे स्वस्ताई व सुलभता. पाने गोळा करणे, सुकविणे, दर काही आठवड्यांनी बदलणे या श्रमांतून सुटका झाली. दुसरे कारण म्हणजे जागेचा अभाव. अंगण, परसदार व गच्ची नसलेल्या घरात कपड्यांना ऊन दाखविणे कठीण झाले. तिसरे कारण म्हणजे लोखंडी पेटी व पोलादी कपाट. गोळीची वाफ बंद जागेतच परिणामकारक ठरते आणि पोलादी कपाट ही तिला अनुकूल जागा होती.

१९७० च्या दशकानंतर आणखी एक बदल झाला. अ‍ॅक्रिलिक धाग्याचे स्वेटर व ब्लँकेट स्वस्तात मिळू लागले. अ‍ॅक्रिलिक हा कृत्रिम तंतू असून त्यात केराटिन नसते. कसर त्यावर जगू शकत नाही. म्हणजेच सामान्य घरातील बहुसंख्य 'लोकरी' कपडे प्रत्यक्षात लोकरीचे राहिले नाहीत आणि त्यांना गोळीची गरजही उरली नाही. तरीही सवय टिकून राहिली. सुती साड्या, कृत्रिम धाग्यांचे स्वेटर, लहान मुलांचे कपडे अशा सर्वच वस्त्रांत डांबरगोळ्या टाकल्या जाऊ लागल्या. साधनाचे प्रयोजन संपल्यावरही त्याचा वापर वाढत गेल्याचे हे ठळक उदाहरण होय.

बालकाचे वस्त्र व आरोग्याचा प्रश्न

या सवयीचा सर्वांत गंभीर परिणाम नवजात बालकांच्या बाबतीत संभवतो. मानवी रक्तातील तांबड्या पेशींचे रक्षण करणारे जी-सिक्स-पी-डी नावाचे एक विकर आहे. काही व्यक्तींत ते जन्मतः कमी असते. हा दोष आनुवंशिक असून मुलग्यांत अधिक प्रमाणात प्रकट होतो. अशा बालकाचा नॅफ्थॅलीनच्या वाफेशी संपर्क आल्यास तांबड्या पेशी वेगाने फुटतात, तीव्र कावीळ होते आणि मेंदूला इजा होण्याचा किंवा जीव जाण्याचा धोका असतो. १९६३ मध्ये ग्रीसमधील डॉक्टरांनी नॅफ्थॅलीनच्या वाफेमुळे तांबड्या पेशी फुटलेल्या २१ नवजात बालकांची हकीकत प्रसिद्ध केली. डांबरगोळ्यांत ठेवलेली वस्त्रे व पांघरुणे बालकांच्या सान्निध्यात आल्याने हा विकार उद्भवल्याचे त्यातून स्पष्ट झाले. बालकाने गोळी गिळण्याची गरज नव्हती. वास पुरेसा होता.

या प्रश्नाचा प्रस्तुत परिसराशी थेट संबंध आहे. भारतात हा रक्तदोष अनेक समाजांत आढळतो आणि मुंबईतील पारशी समाजातील त्याचे प्रमाण १९६० च्या दशकापासून अभ्यासकांना ज्ञात आहे. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात या विकराचा एक नवा प्रकार आढळला आणि त्याला वैद्यकीय साहित्यात 'कल्याण' हेच नाव देण्यात आले. पुढे १९९२ मध्ये 'कल्याण' व 'केरळ' हे दोन्ही प्रकार एकाच जनुकीय बदलामुळे होतात, असे सिद्ध झाले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात अधिक आढळणाऱ्या तीन प्रकारांत त्याचा समावेश होतो. उल्हासनगरच्या सीमेला लागून असलेल्या शहराचे नाव जगाच्या वैद्यकीय कोशात या रूपाने नोंदले गेले आहे. त्याच परिसरातील घरांत मात्र डांबरगोळीच्या वापराबद्दल पुरेशी सावधगिरी दिसत नाही.

महाराष्ट्रातील बाळंतविड्याची प्रथा येथे लक्षात घ्यावी लागते. टोपडे, कुंची, झबले, दुपटे व लोकरी स्वेटर-मोजे यांचा हा संच प्रेमाने जपला जातो आणि एका बालकाकडून दुसऱ्याकडे जातो. जुने, धुऊन मऊ झालेले वस्त्र बालकाला हितकर, हा विचार त्यामागे आहे आणि तो योग्यच आहे. परंतु हा संच मधली वर्षे डांबरगोळ्यांत राहिला असेल, तर मायेची वस्तूच अपायाचे कारण बनू शकते. चरकसंहितेत बालकाच्या वस्त्रांच्या धुरीचा निराळा विचार केला गेला होता, हे या संदर्भात स्मरणीय ठरते.

२००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नॅफ्थॅलीनचा समावेश मानवाला कर्करोगकारक असू शकणाऱ्या द्रव्यांत केला. २००८ मध्ये युरोपीय संघाने नॅफ्थॅलीनयुक्त कसर-गोळ्यांच्या विक्रीस बंदी घातली. भारतीय बाजारात त्या उपलब्ध आहेत.

पारंपरिक साधनांचे मूल्यमापन

पारंपरिक ते सर्व उत्तम, असा निष्कर्ष काढणे शास्त्रीय दृष्टीस धरून होणार नाही. प्रत्येक साधनाचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

ऊन दाखविणे व झटकणे हे सर्वांत प्रभावी साधन होय. कसरीची अंडी व अळ्या झटकल्याने व घासल्याने गळून पडतात. प्रकाश अळीला सोसवत नाही आणि सुमारे ५५ अंश सेल्सिअस तापमानात ती जगत नाही. गडद रंगाचे कापड एप्रिल-मेच्या उन्हात बरेच तापते. शिवाय उन्हामुळे लोकरीतील बाष्प निघून जाते. म्हणून थंडी संपताच कपडे घाईने पेटीत न टाकता ते धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवणे आणि पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा एकदा काढणे, हा या परिसराला अनुरूप क्रम ठरतो. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत पेट्या उघडण्याची जी रीत होती, तिचे व्यावहारिक महत्त्व येथे आहे.

वेखंडातील सुगंधी तेलाचा कीटकांवर परिणाम होतो, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. मात्र त्यातील काही घटक पोटात गेल्यास अपायकारक असल्याने वेखंडाचा वापर केवळ बाह्य साधन म्हणूनच असावा. कडुनिंबातील द्रव्ये कीटकांच्या वाढीत अडथळा आणतात. परंतु त्यासाठी कीटकाने ती खाणे वा त्यांच्या संपर्कात येणे आवश्यक असते. सुकी पाने कपड्यांच्या घडीत ठेवल्याने मिळणारे संरक्षण म्हणूनच मर्यादित आहे. वाळा, लवंग व निरगुडी यांचा उपयोग वास टिकेपर्यंतच होतो. ही साधने पतंगाला परावृत्त करतात, अंडी नष्ट करीत नाहीत. आधीच अंडी असलेला कपडा पानांसह बंद केल्यास पाने निष्फळ ठरतात.

कापराविषयी निराळी दक्षता आवश्यक आहे. बाजारातील बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कृत्रिम रीतीने तयार केलेला असतो. तो नैसर्गिक आहे, या समजुतीने बालकांच्या कपड्यांत घालणे उचित नाही. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात.

या सर्व साधनांची तुलना करता असे दिसते, की जुन्या व्यवस्थेचे सामर्थ्य कोणत्याही एका पानात वा मुळीत नव्हते. ते धुणे, वाळविणे, हवेशीर ठेवणे, अधूनमधून उघडून पाहणे या क्रमात होते. पाने ही त्या क्रमाची पूरक व काही अंशी आठवण देणारी बाब होती. पाने बदलण्याच्या निमित्ताने पेटी उघडली जाई आणि कसर वेळीच दृष्टीस पडे. डांबरगोळीने पाने बाजूला सारली, तेव्हा तो क्रमही मोडला.

निष्कर्ष

१) उल्हास खोऱ्यात लोकरी वस्त्रांचे दोन ऋतुक्रम आढळतात. घोंगडी पावसाळ्यात वापरली जाई व कोरड्या ऋतूत विसावे. थंडीची लोकरी वस्त्रे याच्या उलट पावसाळ्यात बंद राहत. त्यामुळे साठवणुकीचा खरा प्रश्न दुसऱ्या प्रकारच्या वस्त्रांबाबत निर्माण झाला.

२) घोंगडीचे रक्षण नित्य वापर, चुलीचा धूर व हवेशीर घर यांनी होत असे. घरबांधणी, इंधन व शेतीतील साधने बदलल्यावर हे संरक्षण लोपले.

३) १९४७ नंतर कोरड्या प्रदेशातून आलेल्या लोकांची साठवणुकीची रीत अतिवृष्टीच्या परिसरात अपुरी पडावी, अशी परिस्थिती होती. दाटीची घरे, पोलादी पेट्या व स्वस्त उत्पादन यांमुळे डांबरगोळीचा प्रसार सुकर झाला.

४) अ‍ॅक्रिलिक वस्त्रांच्या प्रसारानंतर डांबरगोळीची गरज मोठ्या प्रमाणात कमी झाली, तरी सवय कायम राहिली.

५) बालकांच्या वस्त्रांत डांबरगोळ्यांचा वापर हा जीवघेणा ठरू शकतो. 'कल्याण' नावाने ओळखल्या जाणाऱ्या रक्तदोषाच्या परिसरात ही बाब विशेष गांभीर्याने घेणे आवश्यक आहे.

६) पारंपरिक साधनांत ऊन, स्वच्छता व खेळती हवा ही प्रधान, तर वनस्पतिजन्य द्रव्ये गौण आहेत. त्यांचा स्वीकार या क्रमानेच व्हावा.

या निष्कर्षांच्या आधारे काही सूचना करता येतात. परिसरातील महाविद्यालयांच्या गृहविज्ञान, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र व इतिहास विभागांना घरगुती साठवणुकीच्या रीतींचे संकलन हा संयुक्त प्रकल्प म्हणून हाती घेता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांमार्फत प्रसूतिगृहांत व अंगणवाड्यांत बाळंतविड्याचे कपडे डांबरगोळ्यांत न ठेवण्याविषयी आणि ठेवलेले असल्यास ते बालकाच्या अंगावर तसेच न घालता आधी धुऊन, दीर्घकाळ उन्हात व हवेत ठेवण्याविषयी प्रबोधन करता येईल. फाळणीच्या काळातील पेट्या व वस्त्रे आजही काही घरांत असू शकतात. त्यांची पाहणी केल्यास वस्त्रेतिहासाबरोबर स्थलांतराच्या इतिहासावरही प्रकाश पडेल. ज्या पिढीला ही विद्या अनुभवाने ठाऊक आहे, ती पिढी आता वृद्ध झाली आहे. म्हणून हे संकलन लवकर होणे इष्ट आहे.